तीन मिनिटांचा प्रसंग

२ डिसेंबर, मंगळवार

उदयसिंग सर आज कॉलेजच्या ग्रंथालयात येऊन थेट माझ्या टेबलासमोर बसले. म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. सर निवृत्त मुख्याध्यापक, आता रिसोडच्या सार्वजनिक वाचनालयाचे सचिव. रविवारी, १४ तारखेला कार्यक्रम — 'माझे आवडते दहा माहितीपट'. पूर्ण लांबीचे. बोलायचं मी. मग पहिल्या क्रमांकाचा माहितीपट अख्खा दाखवायचा.

मी म्हणाले, "आवडते सांगते. पण क्रम नको, सर. असे नंबर देणं मला पटत नाही."

"म्याडम, नंबर नसला तं लोक विचारतीन, मंग पाहाचा कोणता?"

तत्त्वासाठी मी दोन मिनिटं लढले. सर गेल्यावर वहीच्या मागच्या पानावर एक ते दहा आकडे घातले!

पहिला लिहायला क्षणही लागला नाही. लोकरवाला.

४ डिसेंबर, गुरुवार

नियम: शेवटपर्यंत न पाहिलेला माहितीपट यादीत घ्यायचा नाही. कुणी सांगितला नाही, माझा मीच केला. परिणाम — दहाचे सात झाले.

दीपगृहाच्या रखवालदारावरचा तीनदा लावला, तिन्हीदा झोपले. आणि अकरा वर्षं मी तो लोकांना 'संथ, पण थोर' म्हणून सांगत आलेय! संथ कोण होतं, मी की तो? खोडला. घड्याळाला किल्ली देणाऱ्या माणसावरचा खोडला. तिसरा कोणता ते इथेही लिहिणार नाही. लाज वाटते.

दिनेश दुकानातून आला. (नवऱ्याचं कृषी केंद्र. दिवसभर फवारणीवर सल्ले देतो, घरी आला की सल्ल्याची सवय सुटत नाही.) म्हणाला, "अर्धे पायलेले तीन घे. अर्धा नंबर दे."

त्याची स्वतःची क्रमवारी साधी आहे — बघताना मोबाइल कितीदा हातात घेतला. फेरीबोटवाल्या माहितीपटात दोनदाच. म्हणून तो त्याचा पहिला.

मला लोकरवाला का आवडतो? प्रामाणिकपणे लिहायचं तर एका प्रसंगासाठी. दूरच्या कुठल्याशा डोंगराळ देशातला लोकरीचा बाजार. मेंढपाळ, तराजू, बर्फ. मी तो एकदाच पाहिला, २००३ साली, नागपूरला ग्रंथालयशास्त्र शिकत असताना. शेवटाकडे बाजार उठतो. काळी शाल पांघरलेली एक म्हातारी भाजीवाली आहे. सगळ्या जुड्या गेल्यात, एक उरलीय. गिऱ्हाईक मागतं, ती देत नाही. बारदाना झटकते, टोपली डोक्यावर घेते, आणि ती शेवटची जुडी आपण दिवसभर बसलो त्या जागेवर ठेवून निघून जाते. मग ती रिकामी जागा आणि ती जुडी. तीन मिनिटं. काहीच घडत नाही.

दर वर्षी नव्या मुलांना ग्रंथालयाची ओळख करून देताना मी हा प्रसंग सांगते. 'जागेचा निरोप कसा घ्यावा, हे त्या बाईकडून शिका!' दर वर्षी वर्ग शांत होतो. एरवी माझा वर्ग शांत होत नाही.

५ डिसेंबर

फेरीबोट चारवरून सहावर. दुपारी वाईट वाटलं. पुन्हा चारवर.

७ डिसेंबर, रविवार

स्नेहाने पुण्याहून लोकरवाल्याचा पेनड्राइव्ह पाठवला. ही माझी जुनी विद्यार्थिनी. आई-वडील इथल्याच मालेगावजवळ भाजीपाला करतात. आता चित्रपट शिकते. फोनवर म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलेला तो म्हातारीचा प्रसंग नसता, तर मी आज बी.एड. करत असते."

मी म्हटलं, आता तू बघितलाच असशील.

"नाही मॅडम. तुम्ही सांगितला तसाच डोळ्यांसमोर आहे. बघून बिघडवायचा नाही."

केवढा विश्वास! मला संध्याकाळभर कसंतरीच झालं. का, ते कळलं नाही.

८ डिसेंबर

प्रसंग नाही!

९ डिसेंबर, मंगळवार

काल पाहिला, आज पहाटे पुन्हा पाहिला. एक तास सत्तावन्न मिनिटं. मेंढ्या आहेत. तराजू आहे. भांडण आहे, बर्फ आहे, वर्षभरात दोनदा लग्न मोडलेला एक व्यापारी आहे. भाजीवाली नाही. भाजीच नाही! शेवटच्या वीस मिनिटांत हिरवं असं काही म्हणजे एका माणसाचा मफलर.

वाटलं, दुसऱ्या कुठल्या माहितीपटातला असेल. उरलेले सहा धडाधड पुढे ढकलत पाहिले. फेरीबोटीवर भाजी कोण विकणार? तरी पाहिली.

नाही.

१० डिसेंबर, बुधवार

दिनेशला सांगितलं. तो जेवत होता. घास हातात धरून त्याने विचार केला आणि म्हणाला, "बर्फात मेथी होते का पण?"

"मी मेथी कधी म्हटलं?"

"बावीस वर्षं झाले, मेथीची जुडी, मेथीची जुडी करून राह्यली तू."

खरंच म्हणते का मी मेथी? वर्गात तर 'पालेभाजी' म्हणते. निदान मला वाटतं तसं. आता मला वाटण्यावर किती भरवसा ठेवायचा?

दुपारी उदयसिंग सरांकडे गेले. सरळ सांगितलं — सर, मी तुम्हाला ऐकवलेला तो प्रसंग त्यात नाही. सरांनी मला पत्रक दाखवलं. तीनशे प्रती. ठळक अक्षरांत: 'विशेष आकर्षण — भाजीवालीचा तीन मिनिटांचा हृदयस्पर्शी प्रसंग'.

"सर, पण नाहीच आहे तो!"

"म्याडम, तुमी लय बारीक पायता. लोक एवढं बारीक नाई पायत."

११ डिसेंबर

प्रसंग वजा केला तर लोकरवाला कितवा? तिसरा. फार तर दुसरा. पण पत्रक छापलंय, पहिला म्हणून. मग मी तो पहिला म्हणून दाखवणं खोटं आहे का? की बावीस वर्षं जो पहिला वाटला तो पहिलाच? अर्धं पान खोडलं. फेरीबोट दोनवर.

एवढं मात्र ठरलं: रविवारी, दाखवायच्या आधी, माइकवर कबूल करायचं.

१४ डिसेंबर, रविवार

त्रेचाळीस लोक! वाचनालयाच्या खुर्च्या कमी पडल्या, शेजारच्या मंगल कार्यालयातून आणल्या. हौसाबाईपण आली. ही बाजारात माझी नेहमीची भाजीवाली. परवा भाजी घेताना तिने कुणीतरी दिलेलं पत्रक पुढे केलं, ते मी वाचून दाखवलं होतं. 'शिनेमात भाजीवाली हाय म्हंता, मंग पायलाच पायजे,' म्हणाली होती. नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली.

सरांनी प्रास्ताविक केलं. आणि प्रास्ताविकात त्यांनी तो प्रसंगच सांगितला! अख्खा! माझ्यापेक्षा चांगला! 'ती माउली, ती जुडी ठेवते...' इथे सर थांबले, चष्मा पुसला. मग माइक माझ्या हातात.

मी म्हणाले, "आत्ता सरांनी सांगितलेला प्रसंग या माहितीपटात नाही. चूक माझी आहे. तो मी कुठे पाहिला, मला माहीत नाही. माफ करा."

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी! मागून आवाज — "म्याडम आधीच सांगून मजा घालवत नाहीत, पहा!"

त्यांना वाटलं मी उत्सुकता वाढवतेय.

दोन तास. संपल्यावर दिवे लागले. एक निवृत्त तलाठी माझ्याकडे आले, डोळे ओले. "ती जुडी, म्याडम... काय दाखवलं!" त्यांच्या मिसेसनी मान हलवली, "मला तर त्या बाईत माझी आईच दिसली." सर म्हणाले, "त्या तीन मिनिटांत मी हललो नाई." (सर त्या वेळी चहाचं बघायला बाहेर होते. मी पाहिलंय.)

त्रेचाळीस लोकांनी, त्यात नसलेला प्रसंग पाहिला. नाही, बेचाळीस. हौसाबाई दारात चप्पल शोधत म्हणाली, "बाई, भाजीवाली कुठं होती वो? लोकरच लोकर! दोन घंटे डोळे फाडून पायलं म्या. एकाच्या हातात साधी कोथमीर नाई."

मी तिचा हातच धरला. तिला काही कळलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

स्नेहाला फोन केला. सांगायलाच हवं होतं. सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग, "मॅडम, मी प्रवेशाच्या वेळचा निबंध त्याच्यावर लिहिलाय."

"माहितीपट न पाहता?"

"तुम्ही सांगितलं होतं ना." "मुलाखतीत त्यांनी विचारलं, ती जुडी का ठेवते. मी म्हटलं, जागेचा निरोप. सगळे खूश झाले." मग अगदी लहान आवाजात, "मॅडम, मग तो प्रसंग कुणाचा आहे?"

तिचा आवाज रागाचा असता तर बरं झालं असतं. एका मुलीने माझ्या शब्दावर बी.एड.चा विचार सोडला, घरच्यांशी भांडून पुण्याला गेली — आणि तो शब्द मी कुठून आणला, मला सांगता येत नाही.

म्हटलं, शोधते.

कुठे शोधू?

१६ डिसेंबर, मंगळवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येतंय.

दुपारी बाजारात गेले. मेथी घ्यायला — खरंतर जे झालं ते हौसाबाईला सांगायला. त्रेचाळिसातली तीच तर एक खरी. तिने मेथी पिशवीत टाकली. रविवारची भाषणं तिच्या डोक्यावरून गेली होती, म्हणून मी तिला तो प्रसंग सांगितला. हसायला होईल म्हणून सांगितला. ती मन लावून ऐकत होती. बाजार उठतो, एक जुडी उरते, गिऱ्हाईक मागतं, ती देत नाही, जागेवर ठेवून जाते.

"मंग?"

"मग काही नाही. रिकामी जागा."

"हे शिनेमात कायले पायजे? आमी तं रोज ठेवतो."

मी म्हटलं, काय?

"शेवटची जुडी. इथं." तिने आपण बसलेला दगड थोपटला. "लग्न होऊन आली तवापासून ठेवतो."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ती कोथिंबिरीचा भाव सांगायला वळली. मी पिशवी घेऊन घरी आले. पैसे द्यायचे राहिले, ते मालेगाव रोडवर आल्यावर आठवलं. पुन्हा जाऊन दिले. तेव्हाही विचारलं नाही — का ठेवता? हिंमत झाली नाही.

आता आठवतं तसं लिहून ठेवते. आठवतं 'तसं', एवढंच. २००३. माहितीपट नागपूरला शनिवारी पाहिला. रविवारी एसटीने रिसोडला घरी आले. डोक्यात अजून तोच बाजार, तोच बर्फ. संध्याकाळी आईने भाजीला पाठवलं. मला यायला उशीर झाला, बाजार उठत होता. भाजीवालीने उरलेली जुडी दिली नाही, जागेवर ठेवून निघून गेली. मी रिकामी पिशवी धरून उभी राहिले होते. आणि घरी येऊन आईची बोलणी खाल्ली: 'एक मेथी आणता येत नाही!'

मागणारं ते गिऱ्हाईक मीच!

हौसाबाई तेव्हा चाळिशीची असेल. म्हणजे माझ्या आजच्या वयापेक्षाही लहान. मी तिला म्हातारी केलं. काळी शाल दिली. बर्फात बसवलं. आणि नंतर बावीस वर्षं, आठवड्यातून तीनदा, तिच्याकडूनच मेथी घेत राहिले. मेथी निवडत वर्गाची तयारी करायची — त्या दूरदेशीच्या थोर बाईवर काय बोलायचं याची!

यादी काढली. पहिल्या क्रमांकावरचं नाव खोडलं. जागा कोरी ठेवली.

१७ डिसेंबर, बुधवार

बाजार उठेपर्यंत बाजाराजवळच्या पुलाच्या कठड्याशी थांबले. हौसाबाईने बारदाना झटकला, जुडी ठेवली, टोपली डोक्यावर घेतली, निघाली. रिकामी जागा. घड्याळ लावून उभी होते. एक मिनिट. दोन. तीन.

चौथ्या मिनिटाला गाय आली. जुडी खाल्ली. सुतळीसकट.

वळणावरून हौसाबाईने मला पाहिलं, ओरडली, "जुडी नाई देल्ली तं उद्या पाटीतच तोंड घालते मेली! तुमी कालेजात होत्या तवा हिची माय येत होती!"

स्नेहाला लगेच फोन केला. सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मॅडम, गाय कोणत्या रंगाची?"

पांढरी, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, उद्या पुन्हा जाऊन पाहते.