बियाण्यांच्या खोलीची कडी

मास्तर, काल काकूंचा फोन आला होता. तुमची नात कॉलेजसाठी तुमच्यावर काहीतरी लिहिते आहे, तिला तो दिवस मी नीट सांगावा, असं म्हणाल्या. तेव्हापासून हातातलं काम पुढे सरकत नाही, म्हणून आधी तुम्हालाच लिहायला बसले.

मी तुमच्याकडे आले ती बावीस वर्षांची, सचिन गावातल्या कापडाच्या लूमवरून काढून टाकलेली. तुम्ही वनखात्यातून निवृत्त होऊन कडोदऱ्याच्या पुढे, एका शेडमागच्या खोलीत डोंगरातल्या झाडांचं बी साठवत होता. उजाड टेकड्यांवर पुन्हा जंगल उभं करणारे लोक ते न्यायचे. खैराचं बी दाताखाली कट् वाजलं की सुकलं, मग डब्यात राख घालून झाकण घट्ट. मोहाचं मात्र कोंडायचं नाही, लगेच पेरायचं. सांगूनही मी मोहाचं बी डब्यात बंद केलं आणि विसरले. तुम्ही झाकण काढलंत, आंबूस भपका आला आणि तुमचा हात माझ्या कानशिलावर बसला. “मारी टाकं ना तू त्यास्ले!” एरवी माझ्याशी सरळ मराठीत बोलणारे तुम्ही घरातल्या अहिराणीत ओरडलात. संध्याकाळी काकूंनी भरीत-भाकरी वाढली, तेव्हा तुम्ही तुमचं भिंग माझ्या ताटाशेजारी ठेवलंत आणि न बघता म्हणालात, “कीड डोळ्यांना दिसत नाही. यातून पाहत जा.”

मग ती शिसव. तिचं बी आपण दरवर्षी गोळा करायचो. लाकूडवाल्यांनी ती तोडली, तुम्ही तक्रार केलीत आणि त्यांचा ट्रक पकडला गेला. आठव्या दिवशी भर दुपारी चौघं आले. तुम्ही अंगणात ताडपत्रीवर खैर पसरताय, मी खोलीत डब्यांवर नावं लिहितेय. पहिला पाइप तुमच्या गुडघ्यावर बसतो. तो आवाज मी ओल्या फांदीचा समजले. खिडकीतून पाहिलं तर तुम्ही खाली, आणि एकजण तुमचा हात बुटाखाली धरून उभा. “बहोत कंप्लेन लिखता है ना?” म्हणत दुसऱ्याने त्याच हातावर पाइप घातला. मग पुन्हा. पुन्हा. ताडपत्रीवरचं बी लाल होऊन त्यांच्या बुटांना चिकटत होतं. मी दाराशी गेले आणि आतून कडी घातली.

तुम्ही कसे सरपटत आलात, मला माहीत नाही. दारावर थाप पडली. “उघाड वं पोरी.” मी दोन्ही हातांनी कडी दाबून धरली. तुम्ही तीनदा म्हणालात. तिसऱ्यांदा नुसतंच “पोरी”. मग त्यांनी तुम्हाला पायांना धरून मागे ओढलं. तुमचं डोकं पायरीवर आपटलेलं मी आतून ऐकलं.

दोन दिवसांनी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तुम्ही गेलात, शुद्धीवर न येताच. पोलिसांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “मास्तरच ओरडले, दार लाव, बी वाचव.” ते चौघं तुरुंगात गेले. काकूंनी माझं डोकं छातीशी धरलं. “मरता मरता पोरीला वाचवलं त्यांनी,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या. खोलीतलं बी खरंच वाचलं होतं. त्या तुटलेल्या शिसवीची रोपं आज टेकडीवर माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. लोक ती बघायला येतात, तुमचं नाव घेऊन हात जोडतात, आणि मीही जोडते.

पण तुम्ही दार लाव म्हणाला नव्हतात. आणि कडी घातली तेव्हा मला एकही बी आठवलं नव्हतं.

हे पत्र खरं तर काकूंच्या हाती पडायला हवं. पडणार नाही. काल फोनवर त्यांनी विचारलं, “पोरी, त्यांचा शेवटचा शब्द काय होता गं, हिला लिहायचंय.” मी म्हणाले, “काकू, ‘बी वाचव’ म्हणाले.”