डॉक्टरांनी मान वर करेपर्यंत

रत्नागिरी,
२२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दीक्षा,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघं बरे आहोत. तू, सुजयराव आणि तुझी शाळा, तिघंही ठीक असाल. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर मुद्दा आला की मी विनोद करतो आणि तू ‘कुकर लागलाय’ म्हणतेस. म्हणून पत्र.

इतकी वर्षं सदर लिहून पुढाऱ्यांची सालं काढणारा तुझा दादा पन्नाशीला स्टँडअप करू लागलाय, हे कळलं असेलच. पहिला कार्यक्रम पडला, हेही कळलं असेल. असली बातमी संगमेश्वरला एसटीच्या आधी पोचते. कुणीच हसलं नाही असं नाही. एक गृहस्थ हसले, पण ते मोबाइल बघत होते.

मग विनोदाची पुस्तकं घेऊन बसलो. ती वाचून इतका गंभीर झालो की तुझ्या वहिनीने तिचं नर्सिंगचं जुनं पुस्तक पुढ्यात टाकलं. बाळंतपणाचं.

“हे वाचा. तुम्ही कळ यायच्या आधीच लोकांना जोर लावायला सांगता.”

अगो, थक्क झालो! विनोदाचा एक शब्द नाही त्यात, आणि सगळं विनोदाचंच. पोटावर हात ठेवा. कळ येऊ द्या, जाऊ द्या. मधल्या वेळात बाईला विसावू द्या, पण तिच्याजवळून उठू नका. ओढू नका. मी आयुष्यभर ओढतच आलो होतो. नंतर गुरुप्रसाद वकिलाकडून उलटतपासणीवरचं पुस्तक आणलं. त्यात तर लिहिलंय, हवं ते उत्तर मिळालं की खाली बसा, पुढचा प्रश्न विचारू नका. माझ्या निम्म्या विनोदांना हा पुढचा प्रश्नच नडला होता.

गेल्या रविवारी दुसरा कार्यक्रम झाला. आईबद्दल बोललो. हॉस्पिटलच्या पेजेला तिने नावं ठेवली, ते सांगितलं आणि गप्प राहिलो. नुसता पंख्याचा आवाज. मग पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसता पुसता हसली आणि तिच्यामागून अख्खं सभागृह. मी बघतच राहिलो. एवढं लिहिलं, पण माणसाला हसू येताना कधी पाहिलंच नव्हतं. आत कुठूनतरी निघतं, खांद्यांपर्यंत येतं, क्षणभर अडतं, मग फुटतं.

पण मी तिथेच थांबलो. शेवटचं सांगितलं नाही. ते तुझं आहे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, “आजी, काय त्रास होतोय?” आणि आई तुझ्याकडे बघून म्हणाली, “ही. सारकी इचारते, काय व्हतंय, काय व्हतंय.”

तू फोनवर सांगितलंस, दोघंही खदखदून हसलो, आणि मग तू रडायला लागलीस. “दादा, तिचं शेवटचं बोलणं माझी तक्रार करण्यात गेलं. कुणाला सांगू नको.” नाही सांगितलं. वहिनीलाही नाही.

पण तूच सांगितलेलं आठव. डॉक्टर प्रश्न विचारून खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. आई गप्प. तुला वाटलं, तिला ऐकूच आलं नाही. त्यांनी मान वर केली, तेव्हा ती बोलली. दीक्षा, ऑक्सिजन लावलेली बाई, एकेक श्वास जड झालेला, आणि ती त्यांनी मान वर करायची वाट बघत होती! तक्रार करणारं माणूस अशी वाट बघत नाही गो. तिला तुला हसवायचं होतं.

तीस तारखेच्या रविवारी पुन्हा कार्यक्रम आहे, आपल्या इथेच. ते सांगू का? नाही म्हणालीस तर पेजेवर थांबेन आणि पुन्हा कधी विचारणार नाही. हो म्हणालीस तर मात्र तुला यावं लागेल. तू समोर नसताना मी ते बोलणार नाही. डॉक्टर लिहितायत, इथवर येईन आणि थांबेन. किती थांबायचं, ते तुझ्या तोंडाकडे बघून ठरवीन.

वाट बघणारा,
दादा