मोटर बंद करू

कट्ट, कडकट्ट, कट्ट! इगतपुरी स्टेशनातल्या तारयंत्राचा हा आवाज अजून माझ्या कानात घर करून आहे, म्हणून नमस्काराच्या आधी तोच उमटला. राग नसावा.

वयाने धाकटे, पण कीर्तीने वरचढ झालेले साडूमहाराज नवनाथराव यांस मखमलाबादहून लहानूचा नमस्कार. देवळ्यात कांदा कसा आहे? आपला गुडघा? मोहिनी बरी आहे ना? आम्ही दोघं मजेत आहोत (असं लिहायची पद्धत आहे).

मजेत नसण्याचं कारण आपणच. नातेवाइकांच्या ग्रुपवर आपण फोटो टाकलात. शेतातल्या डबीने बिनतारी धाडलेला निरोप घरातल्या डबीच्या इवल्या पडद्यावर: ‘वाफे भिजले आहेत, काळजी नसावी.’ अख्खं वाक्य, तेही शुद्ध मराठीत! तेव्हापासून आमची यशोदा भाकरी वाढताना म्हणते, "जन्मभर तारबाबू होतात ना? नवनाथरावांनी बघा!" भाकरी गोड कशी लागावी?

मीही त्याच दुकानातून तसलीच जोडी आणली. एक डबी घरी टाकीजवळ, दुसरी खाली विहिरीवर मोटरीपाशी, जिथे यशोदा असते. डबीत एक रेडिओ आणि त्याला शब्द पुरवणारं सर्किट. मी बोलणारी तार बोलणारीला आणि ऐकणारी ऐकणारीला जोडली (जोडी समान गुणांची असावी, ही आपली माझी समजूत). दोघंही बोलत राहिले, ऐकलं कुणीच नाही. ते उलटवलं, तर सर्किट भरभर बोले आणि रेडिओ सावकाश ऐके. पडद्यावर नुसत्या चौकटी. दोघांचा वेग एक केला आणि शुभारंभाला शाळेतली कविता धाडली. हो, चौथीतली, गुरुजी म्हणत तेव्हा खिडकीतली चिमणीसुद्धा उडत नसे. ती पहिल्याच ओळीत तुटली. दुकानदार फोनवर म्हणाला, "काका, एका वेळी बत्तीसच खण जातात. इंग्रजी अक्षराला एक खण, मराठीत अक्षराला तीन, काना-मात्रेला आणखी तीन. इंग्लिशमध्ये टाका ना!" (कवितेच्या माणसाला हे!)

परवा टाकी अर्धीच होती, झेंडू तहानलेला, दसरा तोंडावर. मी लिहिलं, ‘मोटर बंद करू नकोस.’ खण ‘करू’पाशी संपले. पलीकडे उमटलं, ‘मोटर बंद करू’. यशोदेला वाटलं, मी विचारतो आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच परवानगी मागितली म्हणून ती हरखली, तिने ‘बरं’ असं धाडलं आणि मोटर बंद केली. ‘बरं’ वाचून मीही निश्चिंत झालो आणि कविता म्हणत पडून राहिलो. झेंडू निम्माही भिजायच्या आत टाकी कोरडी पडली. सकाळी झेंडूने माना टाकलेल्या. यशोदा एवढंच बोलली, "नवनाथरावांकडं वाक्य पुरतं आलं असतं."

जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू? डबी तीच, दुकान तेच, मग आपलंच वाक्य धड कसं पोचतं? माझं मराठी जरा वजनदार आहे, अशी मी मनाची समजूत घालतो.

आपला,
लहानू

ता.क. मला काही विचारायचं नाही.

पुन्हा ता.क. विचारायचंच झालं तर एवढंच, की रविवारी येऊन जोडून द्या. राहिलेला झेंडू तरी दसऱ्याला बाजारात जाईल. मात्र यशोदा समोर असताना पक्कड माझ्या हातात असू द्या.

आणखी ता.क. पाकिटाला डिंक लावतो आहे तोच दार वाजलं. मोहिनी! एकटी, हातात पिशवी. म्हणाली, "दाजी, आता चार दिवस इथंच. त्या डब्या मुक्याच आहेत हो. वाफ्यांवर उन्हात मी उभी, पाणी पोचलं की फोन मी करायचा, आणि हे घरी पंख्याखाली बसून पडद्यावर टाइप करून फोटो काढणार! लय झालं." यशोदा चहा टाकायला आत गेली आहे, हसण्याचा आवाज इथवर येतो आहे.

तर नवनाथराव, आपली शेतातली डबी आमच्याकडे सुखरूप पोचली आहे. वाक्य अख्खं बोलते.