सात नंबरचं चित्र

बाई, तुमचं भिंतीकडचं कपाट गेल्या आठवड्यात पूर्ण रिकामं केलं. आपल्या ग्रंथालयातली जुनी चित्रं आणि दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून संगणकात ठेवायचं काम सध्या चालू आहे. त्यासाठी श्रीगोंद्याची एक मुलगी येते. ती एकेक कागद दोन्ही हातांनी उचलून यंत्राच्या काचेखाली इतक्या सावकाश ठेवते, की तुम्हाला ती आवडली असती. मंगळवारी तिनं शिळाछाप चित्रांचा तो निळ्या कापडात बांधलेला संच उघडला, दगडावर चित्र काढून त्यावरून छापलेल्या बारा कागदांचा. थोड्या वेळानं मला हाक आली. "मॅडम, ह्यात अकराच हायेत. सात नंबर न्हाई." मी म्हटलं, माहीत आहे. "मग शेऱ्यात काय टाकू? रजिस्टरात तर लिवलंय, जुन्या मॅडमकडून गेलं म्हणून." आणि तिनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. तुमचं ते उभं, शाईचं अक्षर. "क्र. ७ सापडत नाही. माझ्याच हातून चुकीच्या जागी ठेवले गेले असावे." खाली तुमची सही. मी त्या मुलीला म्हटलं, एवढा एक रकाना आज राहू दे. घरी आले आणि हे लिहायला बसले.

मी कोल्हारहून नगरला आले तेव्हा ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्याकडे होती, पण जुना कागद कसा धरायचा हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलंत आणि मला नळाकडे पाठवलंत. हात धुऊन आल्यावर म्हणालात, "आपल्याआधी कितीतरी लोकांनी हे पान कोरड्या बोटांनी उलटलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं." आवाज चढला नव्हता. तरी त्या दिवशी संध्याकाळी एस.टी. स्टँडवर बसून मी रडले होते. माझ्या बोलण्यात तेव्हा "हाय" आणि "न्हाई" सर्रास येई. ग्रंथालयाच्या कमिटीतले लोक मला "कोल्हारची पोरगी" म्हणत, तोंडावरसुद्धा. तुम्ही मात्र माझी भाषा कधी दुरुस्त केली नाहीत. फक्त माझा हात दुरुस्त केलात.

एका रविवारी चर्चहून आल्यावर तुम्ही मला खळ करायला शिकवलीत. तुमचं स्वयंपाकघर लहान, खिडकीत तुळशीला असते तेवढ्या कुंडीत पुदिना, आणि ओट्यावर एक पातेलं जे फक्त कागदाच्या कामासाठी राखून ठेवलेलं. गव्हाचं सत्त्व पाण्यात कालवून तुम्ही मंद आचेवर ढवळत बसता. मी विचारते, बाइंडर लोक यात मोरचूद घालतात ना, किडा लागू नये म्हणून? तुम्ही म्हणता, "वह्या-रजिस्टरांना चालतं. चित्राला नको, डाग पडतो." मग ती खळ मलमलीतून गाळून, गार करून, तुम्ही टिश्यू कागदाच्या एका पट्टीला लावता, आणि शाळेतल्या मुलींच्या एका चित्राचा फाटलेला कोपरा मागून सांधता. तेच सातवं चित्र. दुरुस्तीसाठी तुम्ही ते कमिटीची लेखी परवानगी घेऊन घरी आणलं होतं. मला तेव्हा त्यात विशेष काही दिसलं नाही. कौलारू पडवी, सतरंजीवर मांडीवर पाट्या घेऊन बसलेल्या मुली, बाजूला उभी असलेली शिकवणारी. बाकीच्या मुली पाटीकडे बघतायत, तिसरी तेवढी मान वर करून सरळ आपल्याकडे. तुम्ही तिच्यावर जरा जास्त वेळ थांबलात, एवढं आठवतं. मला वाटलं, सांधा बसलाय का ते बघताय.

पुढच्या हिवाळ्यात तुमच्या बहिणीची तब्येत बिघडली आणि तुम्ही चार दिवस राहात्याला गेलात. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्यात. "कुणी अभ्यासक आला तर कपाट उघड. पण कागद टेबलावरून हलू द्यायचा नाही, आणि सही घेतल्याशिवाय दाखवायचा नाही." तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. पन्नाशीचे, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी. जुन्या छापील चित्रांवर पुस्तक लिहितोय म्हणाले. मी सही मागितली नाही. ते बोलायलाच असं लागले, की मध्येच रजिस्टर पुढे करणं मला असंस्कृतपणाचं वाटलं. दगडावरची छपाई कशी करत, शाई का पसरत नसे, हे त्यांनी मला विचारलं, आणि मी तुमच्याकडून ऐकलेलं सगळं माझं म्हणून सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घ्यावं, असं तोपर्यंत आयुष्यात घडलं नव्हतं. "तुमच्यासारखी जाणकार माणसं असतील तरच हे टिकेल," असं म्हणाले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "इथं उजेड कमी पडतोय. समोरच्या स्टुडिओतून फोटो काढून आणतो. तासाभराचं काम." मीच ते चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दिलं, पुठ्ठ्यांना नाडीसुद्धा बांधली.

संध्याकाळपर्यंत ते आले नाहीत. मी समोरच्या स्टुडिओत गेले. तिथं कुणी आलंच नव्हतं. स्टँडजवळच्या ज्या लॉजचं नाव त्यांनी सांगितलं होतं तिथं गेले. मॅनेजरनं वही उघडून दाखवली आणि म्हणाला, "ताई, ह्या नावाचं कोनी न्हाई आमच्याकडं." दुसऱ्या दिवशी मी दिवसभर दाराकडे बघत बसले. त्याच्या पुढच्या दिवशी तुम्ही येणार होतात. सकाळी लवकर येऊन मी उरलेली अकरा चित्रं निळ्या कापडात बांधली, गाठ तुम्ही मारता तशीच मारली आणि कपाट लावलं. तुम्ही आलात, बहिणीकडची पेरूंची पिशवी टेबलावर ठेवलीत, विचारलंत, "कुणी आलं होतं का गं?" मी म्हटलं, "नाही, बाई."

त्या वेळी सांगितलं असतं तर काय झालं असतं? पोलिसांत तक्रार झाली असती, कदाचित माणूस सापडला असता. फार तर माझी नोकरी गेली असती. मी रोज ठरवत होते, उद्या सांगू. असं करता करता मे महिना आला, वार्षिक पडताळणी आली.

तुम्ही कपाटात नवीन वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवत होतात आणि मी यादी वाचत होते. तुम्ही संच सोडलात, मोजलात, पुन्हा मोजलात. मला वाटलं, आता माझ्याकडे बघाल. पण तुम्ही खुर्चीत बसलात आणि स्वतःशीच म्हणालात, "मी ते कोपरा सांधायला घरी नेलं होतं. परत आणलं ना मी?" मी यादी हातात धरून उभी. परत आणलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणताना पाऊस होता म्हणून तुम्ही पदराखाली धरलं होतं, तेही पाहिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, "तू होतीस ना तेव्हा? आठवतंय तुला?" मी म्हटलं, "नक्की नाही सांगता येत."

बाई, चित्र गेलं ते माझ्या मूर्खपणानं. पण हे वाक्य मूर्खपणाचं नव्हतं.

नंतर तुम्ही दोन महिने शोधलंत. वर्तमानपत्रांचे बांधीव खंड एकेक करून उलटलेत, घरच्या ट्रंका उपसल्यात, गादीखाली बघितलंत. मी तुमच्याबरोबर शोधत होते. शिडीवर चढून वरचे कप्पे झाडत होते. जी वस्तू तिथं नाही हे मला माहीत होतं, ती शोधताना मी घामाघूम व्हायची, आणि तुम्ही मला म्हणायचात, "पुरे आता, दमलीस." मग तुम्ही चिठ्ठ्या लिहायला लागलात. कपाट लावलं, चिठ्ठी. दिवा बंद केला, चिठ्ठी. जिन्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघायचात. एकदा शिपाईमामा मला म्हणाले, "बाईंना आताशा लई इसरायला व्हतंय, न्हाई का?" ते कमिटीच्या कानावर गेलं. चित्र घरी नेलं होतं, हेही कुणीतरी मुद्दाम उगाळलं. तुम्ही रजिस्टरात तो शेरा लिहिलात आणि निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना राजीनामा दिलात. मला बोलावून म्हणालात, "ज्याला आपल्या हातावर भरवसा नाही, त्यानं किल्ल्या बाळगू नयेत." आणि जुडगा माझ्यापुढे ठेवलात. सोबत तुमची कागद दुमडायची हाडाची पट्टी दिलीत, वापरून वापरून एका कडेला पातळ झालेली. मला लाज वाटली, हे खरं. पण किल्ल्या घेऊन खाली उतरताना मला बरंही वाटलं. आता मला कुणी कोल्हारची पोरगी म्हणणार नव्हतं.

तुम्ही घरी बसल्यावर साधारण वर्षानं मी तुमच्याकडे आले. सांगायचं ठरवून आले होते, रस्ताभर वाक्यं जुळवली होती. तुम्ही दार उघडलंत, हातात चर्चमधलं गायनाचं पुस्तक होतं, बोट मध्ये घातलेलं. मी विचारलं, काय चाललंय? तुम्ही जरा ओशाळून हसलात. "रोज सकाळी पन्नास गीतांच्या पहिल्या ओळी आणि नंबर आठवून बघते. मग पुस्तकात पडताळते. अजून तरी चुकत नाही." मग आपल्या कपाटातल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक मला म्हणून दाखवलेत, कप्प्यानुसार, एकही न अडखळता. मी तुमच्यासमोर बसून ऐकत होते. चहा करताना तुम्ही पाठमोऱ्याच बोललात. "एक गोष्ट तुला सांगते. त्या चित्रातली तिसरी मुलगी म्हणजे माझी पणजी, असं आमची आजी म्हणायची. पुरावा काही नाही. ग्रंथपालानं पुराव्याशिवाय बोलू नये, म्हणून कधी बोलले नाही. आणि ते हरवल्यावर तर बोलायची सोयच नव्हती. मीच ठेवून घेतलं म्हणाले असते." कप माझ्यासमोर ठेवून तुम्ही विचारलंत, "तुला काय वाटतं, कुठं ठेवलं असेल मी?"

मी म्हटलं, "मिळेल, बाई."

तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला तेव्हा सगळं कळलं होतं, मला बोलायची संधी देत होतात, असं मी पुढे कितीतरी वेळा मनाशी म्हणून पाहिलं. पण तसं मानणं माझ्याच सोयीचं आहे. तुमच्या डोळ्यांत मला फक्त प्रश्न दिसला होता.

हे लिहिता लिहिता दोन दिवस गेले. आज तो रकाना भरला. श्रीगोंद्याच्या मुलीला टाइप करायला लावला नाही, मीच केला. "क्र. ७ तत्कालीन सहायकाने ग्रंथपालांच्या गैरहजेरीत, सही न घेता बाहेर दिले. परत आले नाही. ग्रंथपालांचा काही दोष नाही." खाली माझं नाव. रजिस्टरातल्या तुमच्या शेऱ्याखालीही तेच शाईनं लिहिलं. मुलीनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा कागद घेतला. कमिटीच्या अध्यक्षांना फोन केला तर ते म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम. त्या तर गेल्या बिचाऱ्या. तुमच्या निवृत्तीलाही वर्षच राहिलंय. कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, लेखी पत्र देते. ते मला काय शिक्षा करतील, हे ठाऊक नाही. फारशी होणार नाही, असं वाटतं, आणि तेच बरं वाटत नाही. राहात्याच्या तुमच्या भाचीला भेटायला रविवारी जाणार आहे. तिला चित्र देता येणार नाही, निदान त्यातली मुलगी कुठं बसली होती ते सांगता येईल.

एक राहिलं. आजवर मनाशी मी असंच म्हणत आले, की मी सांगणारच होते, पण तुम्ही लवकर गेलात. तुम्ही लवकर गेला नाहीत. त्या चहानंतर सहा वर्षं तुम्ही हयात होतात, याच गावात, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. एकदा बाजारात तुम्ही समोरून येताना दिसलात. हातात मेथीची जुडी होती, तुम्ही मला अजून पाहिलं नव्हतं. मी शेजारच्या कापडाच्या दुकानात शिरले. दुकानदारानं विचारलं, काय दाखवू? मी म्हटलं, पडद्याचं कापड. मला पडदे नको होते. तुम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो उलगडत राहिला आणि मी, रस्त्याकडे पाठ करून, हे नको, दुसरं दाखवा, असं म्हणत राहिले.