मागच्या गल्लीचं दार

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे हे मी वहिनीलाच विचारणार आहे. तुला विचारलं की 'ठणठणीत' हे एकच उत्तर येतं, आणि छातीचं ऑपरेशन झालेला माणूस दोन महिन्यांत ठणठणीत होत नसतो. तू जिच्याकडे राहायला गेलायस त्या भाचीला सांग, बाबांना जिना चढू देऊ नकोस, आणि चढलेच तर मला कळव.

इकडे सगळं ठीक. थंडी सरत आली, म्हणून कोटांच्या चेन बदलायचं काम लोकांनी पुढच्या वर्षावर ढकललंय. दुकानात सध्या नुसत्या पँटी. माणसं जाड होतात आणि दोष कापडाला देतात.

तू माझं नाव दिलंस तो वर्ग सुरू झाला. दर शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. 'गल्लीगल्लीतून एकेक माणूस पाठवा, समिती कशी चालवायची ते शिकवू' असं नगरपालिकेनं कळवलं, तेव्हा तू म्हणाला होतास, "जा, मागं बस, मान डोलाव, चहा पी आणि घरी ये. मी परत येईपर्यंत समितीतली माझी खुर्ची गरम ठेव, बस." दादा, मागं बसायची सोयच नाही. खुर्च्या गोल मांडतात.

वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी रुग्णालयात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच आहे. आमच्यात एक घरांचा दलाल आहे. त्याला आम्ही भाषणवाला म्हणतो. उचलली जीभ की लावली टाळ्याला. पहिल्याच दिवशी तो उभा राहून 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणाला, तर बाई म्हणाल्या, "बसून बोला. छत फार उंच नाहीये." मी इतकी हसले की माझ्याच चहाचा ठसका लागला.

पहिला पाठ काय असेल? गप्प बसायचा. आपल्या गल्लीत घरोघर जायचं आणि 'इथं तुमचं काय अडतं?' एवढंच विचारायचं. समोरचा बोलेल ते ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, बाजू मांडायची नाही, 'अहो पण' म्हणायचं नाही. तो थांबला की फक्त 'आणखी काही?' म्हणायचं. हसू नकोस. मला ते किती जड गेलं हे तुला सांगायला नको, आपण एकाच घरात वाढलोय.

लोक दिव्यांबद्दल बोलले. कोपऱ्यावरचा दिवा महिनोन्‌महिने बंद आहे, हे तुलाही ठाऊक आहे. आणखीही काहीबाही म्हणाले, ते सवडीनं लिहीन.

हो, एक राहिलं. बसथांब्याकडे जाणाऱ्या मागच्या गल्लीच्या दाराची किल्ली तू बरोबर नेलीस का? कुलूप गंजलंय, तेल घालावं म्हणते. कुणी इकडे येणार असेल तर त्याच्या हाती पाठव.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

*

६ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, "कुलपाला तेल नको आणि तूप नको, तू हात लावू नकोस." मी 'बरं' म्हणाले आणि फोन वहिनीला द्यायला सांगितलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग मी जे म्हणायचं ते सोडून भलतंच म्हणते. म्हणून लिहायला बसले.

कोपऱ्यावरचा दिवा लागला. त्यासाठी भाषणवाला माझ्याबरोबर नगरपालिकेत आला होता. त्याचं तोंड कधीतरी उपयोगी पडतं. आता बाईंनी आम्हाला सभा कशी घ्यायची ते शिकवलंय. त्यांचा नियम असा की अध्यक्षानं सगळ्यांत शेवटी बोलायचं. तू सगळ्यांत आधी बोलायचास. मग बाकीच्यांना बोलायला काही उरायचंच नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. बरं, थोडा टोमणा आहे.

आमची सभा गेल्या रविवारी सकाळी झाली, माझ्या दुकानात. मशिनं भिंतीला सरकवली आणि लोक कापडाच्या गठ्ठ्यांवरसुद्धा बसले. सभेत ठरलं की मागच्या गल्लीचं दार काढायचं. सोमवारी वेल्डर आला आणि दार काढून गेला.

आता तू हा कागद खाली ठेवशील आणि वहिनीला हाक मारशील. मारू नकोस. पुढचं वाच.

मी घरोघर गेले ना, त्याची सुरुवात त्या नर्सपासून केली होती. आपल्याच गल्लीच्या टोकाला राहते ती, माझ्याकडे युनिफॉर्म आणते. ती म्हणाली, दिवा. मी म्हटलं, आणखी काही? ती म्हणाली, कचऱ्याची गाडी. मी म्हटलं, आणखी काही? तिनं उठून खिडकी ओढून घेतली. मग म्हणाली, "तुमच्या दादांना सांगणार नाही ना? ते दार." रात्रपाळी करून आली की बसथांब्यावरून तिला मंडईभोवती पूर्ण वळसा पडतो. दार नसतं तर ती दोन मिनिटांत घरात. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. पहिल्या 'आणखी काही'ला दाराचं कुणीच बोलत नव्हतं, दुसऱ्याला सगळे बोलत होते. इतकी वर्षं सगळी गल्ली मूग गिळून बसली होती, दादा, आणि ती तुझ्या भीतीनं नाही, तुझ्या भिडेनं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर मांजर आधी वाईट तरी असावं लागतं. तू तर कुणाच्याही अडीअडचणीला सगळ्यांत आधी धावणारा.

मी त्यांना 'अहो पण' म्हणाले नाही. म्हणावंसं फार वाटलं.

आता खरं सांगते. वर मी 'सभेत ठरलं' असं लिहिलं. ते तसं ठरलं नाही.

सभेत गल्लीत नव्यानंच आलेल्या भाडेकरूनं विचारलं, हे दार मुळात लावलंच कशाला? चोऱ्यांच्या भीतीनं का? सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग मी सांगितलं. आईला विसर पडायला लागला होता. ती त्या गल्लीनं बसथांब्यावर जायची आणि येईल त्या बसमध्ये बसायची. एकदा ती डेपोत सापडली, तेव्हा ड्रायव्हरला घरी जेवायला चला म्हणून आग्रह करत होती. त्यानंतर तू हे पत्र्याचं दार करून घेतलंस, सगळ्या गल्लीनं हातभार लावला, आणि किल्ली तू जवळ ठेवलीस.

झालं, सभाच फिरली. नर्स म्हणाली, "मग राहू दे ताई, आम्ही जाऊ वळसा घालून." भाडेकरू म्हणाला, माफ करा, मला माहीत नव्हतं. एकेक जण चपला शोधायला लागला. मी गप्प बसले असते तर दार आजही तिथंच असतं, आणि तुला मी 'लोकांनीच राहू दे म्हटलं' असं सुखानं लिहिलं असतं.

पण मी उठले. उठायचं नसतं, बाई रागावल्या असत्या. म्हटलं, "बसा सगळे. आई जाऊन चार वर्षं झाली. ती आता कुठेही जात नाही. ज्यांना जायचंय त्यांना तरी जाऊ द्या." आणि हात वर करायला सांगितला. पहिला हात माझा होता.

तेव्हा दार सभेनं काढलं नाही. मी काढलं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, नर्सवर नको.

त्या दाराला हात लावून तू रोज कामावर जायचास, हे मला माहीत आहे. आई गेल्यावरही. कुलूप ओढून बघायचास, बंद आहे ना. मी दुकानातून बघत असे. ते बघून मला वाटायचं, अजून आई घरात आहे. मलाही ते दार हवंच होतं रे. म्हणून तर तुला आधी सांगायचं धाडस झालं नाही. सांगितलं असतं, तू 'नको' म्हटलं असतंस, आणि मी ऐकलं असतं.

दुसरी गोष्ट. मे महिन्यात समितीची निवड आहे. 'खुर्ची तुझी वाट बघतेय' असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. लोकांनी मला उभी राहा म्हटलं आणि मी हो म्हटलं. तूही उभा राहा. हरले तर गठ्ठ्यावर बसून मान डोलावीन, वचन देते. तू हरलास तर तुला मात्र गप्प बसायचा पाठ घ्यावा लागेल. बाई पुढच्या वर्षीही वर्ग घेणार आहेत.

उत्तर लिही, किंवा फोन कर. काय वाटेल ते बोल. मी मधे बोलणार नाही. तू थांबलास की एवढंच विचारीन, आणखी काही?

कुलूप मी टाकून दिलं नाही. दुकानात बटणांच्या डब्यात आहे. किल्ली तुझ्याजवळच राहू दे.

आणि येशील तेव्हा बसमधून उतरल्यावर मंडईकडून येऊ नकोस, डॉक्टरांनी तुला जास्त चालायला मना केलंय. सरळ मागच्या गल्लीनं ये. माझ्या मशिनवरून आता थेट बसथांबा दिसतो.

वाट बघणारी,
धाकटी