हळदीचं पीस

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

फुलसिंग नाईक तांडा, ता. औंढा नागनाथ
दि. ११ डिसेंबर २००६

प्रिय पुजा,

हिंगोली काही लांब नाही, एसटीनं तास-दीड तासाची वाट. तरी याडीनं लेकीला पत्र काहून लिहिलं, असं तुला वाटेल. परवा एसटीडीच्या डब्यातून तुला फोन केला तो याच्यासाठीच. पण तू "काय गं, बरी आहेस ना?" म्हणालीस आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर म्हशीला रेडी झाली. दसऱ्याला तू चार दिवस घरी होतीस, तेव्हाही रोज ठरवायची, आज सांगते. भाकरी थापताना तू पाठीमागं बसायचीस, आणि मी तवा पुसत राहायची. बोलते गोरमाटीत, पण मॅट्रिकपर्यंत शिकले ती मराठीत, म्हणून जे बोलवत नाही ते लिहून पाहते. पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच ठेवून देऊ नकोस, तुला ती सवय आहे.

घरी सगळं ठीक. तुझ्या बांचा गुडघा थंडीनं धरतो, पण ऐकत नाहीत, तुरीत जाऊन बसतात. हळद यंदा चांगली आहे. हळदीवरून आठवलं, तू आठवीत होतीस तेव्हा देविदास सरांनी तुला पहिल्यांदा धनुष्य दिलं आणि सांगितलं, तीन पिसांतलं एक वेगळ्या रंगाचं पाहिजे, बाण दोरीला लावताना कळावं म्हणून. तू रंगाची डबी मागत होतीस. मी म्हटलं, घरात हळदीचं पोतं असताना डबी कशाला? पीस हळदीच्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवलं. सर हसले, "रूपाबाई, पोरीच्या बाणाला हळद लावून राहिल्या, लगीन लावता का काय त्याचं?" पण मग सगळ्या शाळेच्या बाणांना हळदीचंच पीस लागलं.

पिसं कय्युमभाईंच्या बायकोच्या, मदीनाबीच्या बदकांची. कय्युमभाईंच्या दुकानामागं हौद होता, तिथं मी सकाळी जाऊन गळलेली पिसं वेचायची. उपटलेलं नको, कापलेलं नको, आपोआप गळलेलंच. मदीनाबी चेष्टा करायची, "भाभी, बदकाला विचारून घ्या, राजीखुशीनं दिलं का." मग ओसरीवर बसून डाव्या पंखाची एका सुपात, उजव्या पंखाची दुसऱ्या सुपात. एका बाणाला तिन्ही एकाच बाजूची पाहिजेत, नाहीतर बाण भरकटतो. तूरडाळीतले खडे वेचायची सवय कामाला आली.

आणि चिकटवणं कय्युमभाईंकडं. माणूस बाजा-खुर्च्या दुरुस्त करणारा, पण बाणाला हात लावला की नमाजाला बसल्यासारखा. सरसाची वडी पाण्यात भिजवायची, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर पातळ करायची, एक पीस लावून ते धरेपर्यंत बोटानं दाबून बसायचं. एका बाणाला अर्धा तास. देविदास सरांनी पुण्याहून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली होती, म्हणायचे, "कय्युमभाई, पुण्याची पोरं हे लावतात, दोन मिनिटांत काम." त्यावर कय्युमभाई, "सर, ये कॅलेंडर लगाने को अच्छा है. पीस का रिश्ता होना पडता काडी से." त्या दोघांचं हे भांडण तीन वर्षं चाललं. तू मधे बसून हसायचीस, आणि बाण मात्र सरसाचेच न्यायचीस.

आता मी माझं सांगते. तू चार वर्षांची होतीस तेव्हा तुला कावीळ झाली होती, हे तुला माहीत आहे. पण पुढचं माहीत नाही. नांदेडहून तुला परत पाठवलं तेव्हा डॉक्टर तुझ्या बांशी बाजूला जाऊन बोलले. मी तुला खांद्यावर घेऊन सरळ नागनाथाला गेले. खाली गाभाऱ्यात उतरले, पिंडीवर हात ठेवला आणि बोलले, माझं लेकरू ठेव, मी मांसमच्छी सोडीन, कातड्या-हाडाच्या वस्तूला जन्मात हात लावणार नाही. तू राहिलीस. तुझे बा चामडी चप्पल घालतात ती मी कधी उचलून ठेवत नाही, ओसरीवरची ढोलकी सरकवायची तर तुलाच हाक मारायची. तू म्हणायचीस, याडीचं सोवळं लई. सोवळं नव्हतं बाई ते. भीती होती.

सरस हाडा-कातड्याचा असतो. कय्युमभाईंच्या हातानं लावलेला, वाळलेला चालायचा, मनाला तसं समजावलं होतं. वाळला की तो सरस नाही, बाणच, असं.

अमरावतीची निवड चाचणी ९९ च्या जानेवारीत होती. तू आधी आठ दिवस शाळेच्या शिबिरात. बारा बाण नवे करायचे होते. सहा झाले, आणि मदीनाबीचे वडील वसमतला वारले. कय्युमभाई दुकानाला कुलूप लावून निघाले, जाताना आपल्या दारात उतरले. उरलेल्या सहा काड्या आणि कागदात बांधलेल्या सरसाच्या वड्या माझ्यापुढं ओट्यावर ठेवल्या. म्हणाले, "भाभी, आपने सौ दफा देखा है. काडी राखेनं पुसून घ्या, तेलाचा हात नको. पोरगी परवा निघणार." मी व्हय म्हटलं. ज्या माणसाच्या घरात मयत झालेली, त्याला काय सांगणार, की तुमची वस्तू मला चालत नाही?

तुझे बा हळद शिजवायला शेतात, दोन दिवस तिकडंच. निरोप धाडला असता तर आले असते. शेजारच्या सखुबाईला म्हटलं असतं तर तिनं हसत केलं असतं. पण मग तांडाभर झालं असतं, की मॅट्रिक शिकलेली रूपा लेकीच्या बाणाला हात लावत नाही. दुपारभर तो पुडा तसाच ओट्यावर. एकदा चिमट्यानं उचलून पाण्यात टाकायला गेले, वास आला, आणि तुझे पिवळे डोळे दिसले, चार वर्षांच्या वेळचे. पुडा कोनाड्यात ठेवला. सरांची टेप तुझ्या दप्तरात होती ती काढली. वातीएवढी बारीक कापली, पिसाच्या काडीखाली बसवली, बाहेरून दिसणार नाही अशी. दोन्ही टोकांना नागनाथाचा लाल दोरा गुंडाळला. म्हटलं, देव धरील. आणि काड्या दुकानात द्यायच्या आधीच मी त्यांना करडईचं तेल पाजलं होतं, काठीला पाजतात तसं, चांगल्या दिसाव्यात म्हणून. सरसाला राख लागते, टेपला काय करायची, असं माझ्या मनानं घेतलं. आपल्या वहीत मी घरातली काडी न काडी लिहिते, पण त्या दिवशी काही लिहिलं नाही.

पुढचं तुझ्याइतकं कोण जाणतं? सकाळचं दव, ओलं गवताचं मैदान, आणि दुसऱ्या फेरीत दोन बाणांचं हळदीचं पीस सुटून दोऱ्यावर लोंबलं. चार गुणांनी तू राहिलीस. त्या टेपचा चीक पिवळट, वाळलेल्या सरसासारखाच दिसतो, त्यात हळद. तू सोळा वर्षांची, रडत आलेली, तू काय नीट बघणार होतीस? जीपमधून उतरलीस ती सरळ कय्युमभाईंच्या दुकानात. मी मागून धावत आले. चार गिऱ्हाइकांसमोर तू तो बाण त्यांच्या पायाशी टाकलास. "तुमचा सरस कच्चा होता चाचा. माझं वाटोळं केलं तुम्ही." त्यांनी बाण उचलला. सुटलेल्या पिसाखालून अंगठा फिरवला. मग माझ्याकडं पाहिलं, फार नाही, डोळ्याची पापणी लवेल एवढंच. आणि तुला म्हणाले, "हां बेटी. मेरी गलती. जल्दी में कच्चा रह गया."

मी तिथं उभी होते, पुजा. तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. नाही उघडलं. आधी वाटलं, तुझा राग शांत होऊ दे. मग वाटलं, तू बी.पी.एड.ला चाललीस, आता कशाला. मग तुला नोकरी लागली. दर सोमवारी नागनाथाला जाते, येताना त्या दुकानावरून यावं लागतं, पदर पुढं ओढून येते. बाजारात कुणाचं काही मोडलं, कुणाचा सौदा फिसकटला, की लोक म्हणतात, "कय्युमचा सरस दिसतो." पोरं म्हणतात, मोठे म्हणतात. एकदा तुझे बा म्हणाले आणि हसले, आणि मी पण हसले. शाळेनं त्यांना पुन्हा बाण दिले नाहीत. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, मदीनाबीलासुद्धा नाही. ती अजून मला बदकाची पिसं लागतात का विचारते.

आता पत्र काहून ते लिहिते. त्यांची नात अफशीन सातवीत आहे, तालुक्यातून पहिली आली हे तुला ठाऊक आहे, कारण जिल्ह्याचा संघ तूच निवडणार. रविवारी ती तुझ्यापुढं उभी राहील. तिच्यासाठी आजोबांनी आठ वर्षांनी पुन्हा सरसाचं भांडं चढवलं, बारा बाण केले. तुझी चिठ्ठी शाळेत आली, की पिसं टेपनंच पाहिजेत, सरसाचा बाण मैदानात चालणार नाही. तू लेकरांच्या भल्यासाठीच लिहिलंस, मला कळतं. काल दुपारी कय्युमभाई आपल्या दारात आले. बाराही बाण कोमट पाण्यात धरून, पिसं सोडवून, काड्या घासून आणल्या होत्या. त्यांच्याबरोबर तेरावा बाण, तुझा, लोंबत्या पिसाचा. इतकी वर्षं सांभाळला होता. ओट्यावर मांडून म्हणाले, "भाभी, वो टेप मेरे को नहीं जमता. आपने लगाया था वैसा लगा देना. बच्ची का नुकसान नको." टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच जमत नाही. मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि बाहेर आले तेव्हा ते निघून गेले होते.

या पाकिटात ते हळदीचं पीस ठेवलं आहे. उलटून बघ, नखानं खरवड. सरस भुगा होऊन पडतो, हे रबरासारखं ताणतं. आता तुला माझं काय करायचं ते कर. मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते आधी त्यांचं आहे, माझा नंबर नंतर. बारा काड्या आणि छत्तीस पिसं माझ्या कोनाड्यात आहेत. मी काल टेप घेऊन बसले होते, हात चालला नाही. नागनाथासमोर बसले, मग उठून हे पत्र लिहायला घेतलं. रविवारला सहा दिवस आहेत. शनिवारी पहिल्या गाडीनं ये. आपल्या घरी आधी येऊ नकोस, स्टँडवरून सरळ दुकानात जा. तू त्यांना सरसच लावा म्हणालीस तर पिसांचं सूप घेऊन मी मागोमाग येते. पिसं ते लावतील. पण आता त्यांचा हात कापतो, पीस दाबून धरायला दुसरं बोट लागेल. ते मी धरीन.

तुझीच,
याडी