कोटाच्या आतले लाल टाके

डॉक्टरसाहेब,

गेल्या महिन्यात तुम्ही नव्या पांढऱ्या कोटाचं माप द्यायला माझ्या दुकानात आलात, पण मला ओळखलं नाहीत. पोटात उजवीकडे कळ येते म्हणून चार वर्षांत सहा वेळा तुमच्यासमोर बसलेली बाई मीच. शेवटच्या खेपेला पोटाला हातही न लावता तुम्ही म्हणालात, "रिपोर्ट चांगले आहेत. मनाचे खेळ आहेत, बाई. एखादा छंद लावून घ्या." माझी नणंद अजून हसते, "वहिनी, छंद काय म्हणतोय?"

मी मात्र तुम्हाला नीट बघितलं. तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. तो फरक मी शिवणीत असा जिरवलाय, की आरशालासुद्धा कळायचा नाही.

शिवताना कळ आली की मी मशीन थांबवते आणि थांबल्या जागी आतून लाल दोऱ्याचा एक टाका घालते, म्हणजे पुन्हा बसल्यावर शिवण सरकत नाही. काम झालं की ते टाके काढून टाकते. तुमच्या कोटातले अकराच्या अकरा तसेच ठेवलेत. बाहेरून एक जरी शिवण वाकडी सापडली, तर मशीनला पुन्हा हात लावणार नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही, विनवण्या करून झाल्या. कोट मात्र उद्या पाठवतेय. लाल टाके दिसले की तक्रार घेऊन याल. जरूर या. मी मध्येच न तोडता तुमचं सगळं ऐकून घेईन.

तुमचं माप तोंडपाठ असलेली,
शिंपीणबाई